बंगल्याले संत्र्याचं आळं

"हा खड्डा कशाला खणलास रे?" ओव्हरसियर पोर्चमधून ओरडले.

"खड्डा नाही साहेब. पाण्याची वाट आहे."

"प्लॅनमध्ये कुठं आहे?"

"प्लॅन मले वाचता येत नाही. पाणी वाचता येते."

अकोल्यातल्या एका वकीलसाहेबाच्या बंगल्याचं हे काम. सडकेवर दरसाल गिट्टी पडे. सडक चढत गेली, बंगला खाली राहिला. फाटकापासून पोर्चपर्यंत चांगलाच उतार झाला. त्यावरचा मुरूम दमणीच्या, बैल जुंपायच्या काळातला. साहेबानं मोटार घेतली तसा तो उखडला. तो काढून चुन्यात दगड बसवायचे, एवढंच मले, गवंड्याले, सांगितलं होतं.

पण दुखणं वेगळंच होतं. सडकेचं पाणी उतारानं थेट भिंतीशी येई. आमची काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावरची भिंत सुखानं कशी राहील? दप्तराच्या खोलीले बोट जाईल एवढी भेग पडली होती. मागच्या साली पक्षकारांचे कागद भिजले.

ओव्हरसियर म्हणजे वकीलसाहेबाचे साळे, पेन्शनीत आलेले. त्यांचा प्लॅन असा, की पोर्चपर्यंत एकच गुळगुळीत उतार आन् पायरीशी बारीक नाली. मी म्हटलं, "धावता बैल दारात अडवता येत नाही साहेब. त्याले वावरातच वळवा लागते."

माझा बाप मोर्शीकडं संत्र्याच्या बागेत पाणी द्यायचा. संत्र्याच्या खोडाले पाणी लागलं, का साल सडते, झाड जाते. म्हणून खोडाभोवती मातीचा उंचवटा करतात आन् आळं त्याच्या बाहेर. पाणी आळ्यात फिरते, खोड कोरडं राहते. मी बंगल्याले झाड समजलो.

पोर्चच्या सहा हात अलीकडेच उतार संपवला. तिथून पुढं जमीन उलटी, पोर्चकडं वर चढवली. मधात परातीसारखी पसरट पन्हळ, चाकाले धक्का बसू नये अशी. तिचा ढाळ डावीकडं, कुंपणामागच्या नाल्यात. खालची काळी माती कंबरभर काढली, मुरूम भरला, धुमसानं ठोकला, वर चुन्यात दगड बसवले.

"मोटार आदळणार," ओव्हरसियर म्हणाले.

वकीलसाहेब वैतागले. "नामदेवा, घरात दोन शहाणे झाले. मी कोनाचं ऐकू?"

"पाणी आत आलं तर ही थापी तुमच्या पायरीवर ठेवतो. अकोल्यात पुन्हा काम मागनार नाही."

"आन् नाही आलं तर?"

"तर हे साहेब माह्या पन्हळीत पाय धुतील."

वकीलसाहेब हसले. साळे हसले नाहीत.

मोटार पन्हळीवरून गेली, ड्रायव्हरले कळलंही नाही. पण खरी परीक्षा मघा नक्षत्रात झाली. भर दुपारी पाऊस असा कोसळला का फाटक दिसेना. मी धावत गेलो. सडकेचं गढूळ पाणी उतारावरून आलं, पन्हळीत भरलं, उलट्या चढावर दोन हात चढलं. पोर्चमध्ये दोघं उभे होते. मी थापी हातात घेतली.

मंग पाण्याले ढाळ सापडला. सारं डावीकडं वळलं आन् नाल्यात गेलं. पोर्चसमोरचे चार हात शेवटपर्यंत पाण्याबाहेरच राहिले.

पाऊस ओसरल्यावर ओव्हरसियर छत्री घेऊन फाटकापर्यंत जाऊन आले. माझं कुठं चुकलं ते पाहायले. येताना जोडे चिखलानं भरले. पन्हळीत अजून पाणी वाहत होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, जोडे काढले आन् गुपचूप पाय धुतले.

दप्तराच्या खोलीची भेग मी बुजवली, ती पुन्हा उघडली नाही.

पाणी दारात आल्यावर अडवू नये, अलीकडंच वळवावं. साळ्याले मात्र असं वळवता येत नाही, त्याले इलाज नाही.