बाबांच्या कार्डात माझा अंगठा

वलगावच्या आमच्या शाळेत मी तिसरीच्या वर्गाला हातच्याची वजाबाकी शिकवत होते. फोन वाजला. अनोळखी नंबर होता, म्हणून मी तो दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा खडू हातात तसाच धरून व्हरांड्यात आले.

पलीकडे एक बाई होती. म्हणाली, "मॅडम, तुमच्या घरी कोनी म्हातारे मानूस हायेत काय?"

"माझे वडील आहेत."

"कुठं हायेत ते?"

"घरी. अमरावतीला."

"नाई मॅडम," ती म्हणाली. "ते इथं माह्यासमोर बसून हायेत. अकोल्याले."

मी घड्याळात पाहिलं. दीड वाजला होता. सकाळी नऊला निघताना मी त्यांच्यापुढं चहा ठेवला होता. शेजारच्या काकू दुपारी डोकावून जात, पण त्या दिवशी त्या लग्नाला गेल्या होत्या. मी मुख्याध्यापकांना सांगितलं, वर्ग दुसऱ्या बाईंकडे दिला, फळा पुसला आणि निघाले. फळा पुसायची त्या वेळी काही गरज नव्हती.

बाबांबद्दल सांगायला हवं. ते धामणगाव रेल्वे या गावच्या रजिस्ट्री ऑफिसात नोकरीला होते. शेताची, घराची खरेदीखतं तिथं नोंदली जात आणि ज्यांना सही येत नसे त्यांचे अंगठे घेण्याचं काम बाबांकडं होतं. सगळा जन्म त्यांनी दुसऱ्यांचे अंगठे धरण्यात काढला. घरी येत तेव्हा त्यांच्या बोटांना जांभळी शाई लागलेली असे आणि आई त्यांना आधी हात धुवायला पाठवी. निवृत्तीनंतर ते दोघं धामणगावलाच राहिले. आई गेली तेव्हा मी बाबांना अमरावतीला घेऊन आले. माझे यजमान नोकरीनिमित्त नागपूरला असतात, त्यामुळं घरात आम्ही दोघंच. वर्षभरानं बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग जेवलो की नाही ते.

आई होती तेव्हाच बाबांचं एक ओळखीचं कार्ड काढलं होतं. अमरावतीच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यानं म्हाताऱ्या माणसांसाठी ती सोय केली होती. दिसायला साधं, खिशात मावणारं प्लास्टिकचं कार्ड. मागच्या बाजूला सीडीसारखी चकाकणारी रुंद पट्टी. त्या पट्टीत लेझरनं माणसाचा फोटो, दहाही बोटांचे ठसे, सही, जुने एक्सरे, औषधं आणि जवळच्या माणसांची माहिती लिहिलेली असते. वाचायचं यंत्र फक्त ट्रस्टच्या दवाखान्यांत. एक अमरावतीला, एक अकोल्याला.

कार्ड काढायला आम्ही तिघं गेलो होतो. बाबांनी तिथल्या माणसाला विचारलं, "ह्यातलं पुसलं त नाई जात ना?"

"नाही काका. एकदा लिहिलं ते राहते. चुकलं तर खाली नवीन नोंद करायची."

बाबा खूश झाले. "मंग बराबर हाय," ते म्हणाले. "आमच्या रजिस्ट्रीत बी खाडाखोड चालत नाई."

जवळची माणसं म्हणून आईचा आणि माझा फोटो घेतला, आमचे दोघींचे अंगठेही घेतले. मी हसत होते असं आठवतं. मला तो सगळा प्रकार फार लांबण लावल्यासारखा वाटला होता.

बडनेऱ्याहून गाडी मिळाली. अकोल्याला उतरून रिक्षा केली. दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर, नोंदणीच्या खोलीत बाबा लाकडी बाकावर बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात कापडी पिशवी. ऑफिसला जाताना असत तसे. ते धामणगावला निघाले असणार. बडनेऱ्याला चुकीच्या बाजूच्या गाडीत बसले आणि धामणगावऐवजी अकोल्याला उतरले, एवढं मला लगेच कळलं. त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता.

रेल्वे पोलिसातला एक हवालदार शेजारी उभा होता. स्टेशनवर बाबा बराच वेळ एका जागी उभे दिसले, म्हणून त्यानं विचारपूस केली. नाव सांगता येईना. खिशात कार्ड निघालं. वरचा छापलेला फोटो आणि नाव घासून पुसट झालं होतं, पण ट्रस्टची खूण ओळखू येत होती. म्हणून तो त्यांना इथं घेऊन आला.

यंत्रापाशी बसलेली मुलगी तिशीची असेल. तिनंच फोन केला होता. तिनं पडदा माझ्याकडे वळवला. पहिल्यांदा आईची नोंद आली. फोटो, नाव, नंबर. त्याखाली मीच करून घेतलेली एक ओळ होती: मयत. "आधी हा नंबर लावला," ती म्हणाली. "बंद लागला. मंग खाली पाह्यलं."

बाबाही पडद्याकडे बघत होते. आईच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "हे माही मंडळी."

"आन् ह्या कोन हायेत, काका?" हवालदारानं माझ्याकडं हात केला.

बाबांनी मला पाहिलं. साडी पाहिली, पर्स पाहिली. "मास्तरीन दिसतेत," ते म्हणाले.

"तुमच्या कोन लागतेत?"

"मले का मालूम?"

हवालदार अवघडला. "मॅडम, वाईट नोका वाटून घेऊ. पन ते ओळखत नसन त मले असंच देता येत नाई. तुमचं ओळखपत्र दाखवा."

मी दाखवलं. त्यावर माझं लग्नानंतरचं आडनाव होतं. बाबांच्या कार्डात माहेरचं; नोंद करताना बाबांनी तेच सांगितलं होतं. फोटोतली मी जाड होते, केस काळे होते. हवालदारानं दोन्हीकडं पाहिलं आणि ओळखपत्र मला परत दिलं.

"अंगठा जुळवून घेऊ," मुलगी म्हणाली. "दोघांचा बी. काकांचा अजून झालाच नाई. हात धरू देऊन नाई राहिले."

तिनं काचेची छोटी डबी बाबांपुढं सरकवली. "काका, अंगठा ठेवा इथं."

बाबांनी डबीकडं पाहिलं. मग त्यांनी तिचाच हात धरला. तिचा अंगठा आपल्या दोन बोटांत घेतला आणि काचेच्या कडेला लावून हळूहळू फिरवला. "जोर नोको देऊ," ते म्हणाले. "ढिला सोड. ह्या नखापासून त्या नखापर्यंत गेला पायजे." त्यांचा आवाज एकदम स्वच्छ झाला होता. मुलगी हसायला लागली, मग माझ्याकडं बघून थांबली. यंत्रानं बीप केलं. पडद्यावर आलं: जुळत नाही.

मी पुढं झाले. रजिस्ट्री ऑफिसात पक्षकार त्यांना कसं बोलत ते मी लहानपणी ऐकलं होतं. मी म्हटलं, "बाबूजी, साक्षीदार म्हणून तुमचा अंगठा लागतो."

"मी सही करत असतो."

"सही झाली. आता नियम बदलला. अंगठा बी पायजे."

त्यांनी थोडा विचार केला आणि डावा अंगठा काचेवर ठेवला. स्वतःचाही त्यांनी तसाच फिरवला, शिस्तीत. यंत्र थोडं थांबलं, मग पडद्यावर आलं: जुळले.

मग माझा. पहिल्यांदा घेतला नाही. मी अंगठा पाहिला तर खडूची भुकटी होती. पदराला पुसून परत ठेवला. जुळले. पडद्यावर माझं माहेरचं नाव आलं आणि पुढं शब्द: मुलगी.

मला रडू आलं नाही. बरं वाटलं असंही नाही. शाळेत हजेरी घेताना नाव आलं की खूण करतो आणि पुढच्या नावाकडं जातो, तसं काहीतरी. हवालदारानं वहीत लिहिलं, मी सही केली.

बाबा हे सगळं बघत होते. त्यांनी यंत्रापाशी बसलेल्या मुलीला विचारलं, "ह्या बाईसंग जाऊ मी?"

"जा ना काका. तुमचीच मुलगी हाय."

"कागद पाह्यला ना?"

"पाह्यला. बराबर हाय."

"मंग ठीक हाय," बाबा म्हणाले आणि पिशवी उचलून उठले. दारात त्यांनी मागं वळून तिला 'जय भीम' केला. तिनंही केला. मी त्यांचा हात धरायला गेले, तर त्यांनी तो सोडवून घेतला. परक्या बाईचा हात धरून कोण चालतं? पण ते माझ्या मागून येत राहिले, एक पाऊल अंतर ठेवून. हवालदारानं रिक्षा थांबवून दिली.

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकी दिली. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा मी भुईमुगाचे फल्लीदाणे घेतले. त्यांनी अर्धे कागदात मोजून माझ्याकडं केले. मग सभ्यपणे विचारलं, "तुमी कोन्या गावच्या?"

"धामणगावची."

"बस्स! मी तिथंच नोकरीले हाव. कोनाच्या घरच्या?"

मी त्यांचंच नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट.

त्यांनी आणखी दोन दाणे तोंडात टाकले. "नाव आयकल्यावानी वाटते," म्हणाले आणि बाहेर बघायला लागले. बाहेर कपाशी होती, मग तूर, मग परत कपाशी.

त्या रात्री यजमानांचा फोन आला तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी क्रमानं. ते म्हणाले, तुला धक्का बसला असेल. मी हो म्हटलं, कारण तसंच म्हणतात.

पुढच्या आठवड्यात अमरावतीच्या दवाखान्यात जाऊन आजाराची नोंद करून घेतली. तिथल्या डॉक्टरांनी प्रश्न विचारले आणि मी उत्तरं दिली. स्वतः जेवतात का? हो. वाट लक्षात राहते का? नाही. घरच्यांना ओळखतात का? मी नाही म्हटलं आणि त्यांनी तेही लिहिलं.

आता मी दीर्घ रजेवर आहे. बाहेरच्या दाराला वरच्या बाजूला कडी लावून घेतली. बाबा परत कुठं गेले नाहीत. ते मला 'बाई' म्हणतात, अहो-जाहो करतात, चहा दिला की 'तुमाले तरास झाला' म्हणतात. मीही घरात त्यांना बाबा म्हणणं सोडलं आहे. बाबा म्हटलं की ते मागं वळून बघतात, हाक कोणाला मारली म्हणून, आणि मग बराच वेळ मागच्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघत राहतात. त्यापेक्षा ताट वाढलं की मी नुसतं म्हणते, जेवून घ्या. ते हात धुऊन येतात आणि जेवतात.