गिरिजाच्या पुढे चालणारी

उर्वी अमेरिकेत रेडमंडला सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. बोलते कमी. वसंतातल्या जपानी जत्रेत गेली काही वर्षं ती ओइरान व्हायची. ओइरान म्हणजे जुन्या जपानमधली मानाची गणिका. ग्राहकाला भेटायला ती भर रस्त्यातून मिरवत जाई. पायांत वीतभर उंच काळ्या खडावा, प्रत्येक पाऊल बाहेरून अर्धवर्तुळ काढत पुढे, आणि एक हात पुढच्या माणसाच्या खांद्यावर. तो खांदा हलला की ओइरान पडते.

या हिवाळ्यात उर्वीचा घोटा मुरगळला. तो बरा झाला तोवर मिरवणूक बसवणाऱ्या आमच्या जपानी शिक्षिका सुमिए मावशींनी ओइरान म्हणून गटातल्या धाकट्या गिरिजाला निवडलं होतं. गिरिजाला ती चाल उर्वीनेच शिकवलेली.

"या वर्षी तू खांदा दे," मावशी उर्वीला म्हणाल्या. "ही चाल तुलाच कळते."

उर्वी मला मराठीत म्हणाली, "आपल्याकडे खांदा कुणाला देतात, माहितीये ना?"

मी हसले. ती हसली नाही.

जत्रेत मी कंदील धरून त्यांच्या शेजारून चालत होते. सगळे फोन गिरिजाकडे वळलेले. पांढरा चेहरा, सोनेरी पट्टा, केसांत पिनांचा पंखा. उर्वी साध्या निळ्या अंगरख्यात. एका बाईने तिला हातानेच खूण केली, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय.

वळणावर उर्वीने वेग वाढवला. गिरिजा डगमगली. ओइरानने बोलायचं नसतं. तरी ओठ न हलवता ती पुटपुटली, "ताई, स्लो कर ना, प्लीज."

उर्वी थांबेना.

"जळतेस ना माझ्यावर?"

"हो. पाय टाक."

मत्सर मी पुस्तकांत वाचला होता. असा हाताच्या अंतरावर पाहिला नव्हता. गिरिजाची एक खडाव कलली, आणि उर्वी जागच्या जागी थांबली. खांदा दगडासारखा. लोकांना ते थांबणं मिरवणुकीचाच भाग वाटलं. टाळ्या पडल्या. पुढे ती शेवटपर्यंत सावकाश चालली.

नंतर पार्किंगमध्ये उर्वी खाली बसून गिरिजाच्या खडावांचे बंद सोडत होती.

"मुद्दाम केलंस," गिरिजा म्हणाली.

"हो."

"मग थांबलीस कशाला? पडू द्यायचं होतंस."

उर्वीने दुसरा बंद ओढला. "पडली असतीस तरी सगळ्यांनी तुझ्याकडेच पाहिलं असतं."