नक्की म्हणता येईना

त्रेचाळिसाव्या वर्षी कंपनीनं हातात नारळ दिला. मी मूळची अकोल्याची. लेक बारावीत, आणि घरात कमावणारी मी एकटी.

अठरा वर्षांत प्रोग्रामिंगमध्ये जे जे नवं आलं, ते ते घाबरून शिकले. त्यातलं निम्मं दोन-दोन वर्षांत मेलं, प्रमाणपत्रांची फाईल तेवढी फुगली. टिकणारं काय शिकायचं, हे कुणी सांगेल तर शपथ!

पुण्यात, बिबवेवाडीतल्या एका लहानशा कंपनीत मुलाखतीला गेले. औषधांच्या दुकानांसाठी प्रोग्राम बनवायचे ते. समोर साठीचे मालक. माझी फाईल त्यांनी उघडलीच नाही.

"राहू द्या, जड असेल," म्हणाले, आणि एक छापील पान पुढे सरकवलं. "मुदत संपलेलं औषध या प्रोग्रामनं विकू देऊ नये. हा एक दिवस जास्त विकू देतो. चूक शोधा. फोन पर्समध्येच असू दे."

अरे बापा! गेली दोन वर्षं मी स्वतः चूक शोधलीच नव्हती. एआयला विचारायचं, तो देईल ते चिकटवायचं, झालं काम. पानाकडे बघितलं. ओळी दिसत होत्या, कळत काहीच नव्हतं. येत होतं तेही गेलं आपलं, एवढंच डोक्यात.

मग पहिल्या नोकरीत करायचे तसं ओळीवर बोट ठेवलं. समजा, एक तारखेपासून विकायचं नाही. आज एक तारीख. प्रोग्राम विचारतो, आजची तारीख त्याहून पुढची आहे का? नाही. म्हणजे विकू देतो. अडवणार दोन तारखेला. 'पुढची किंवा तीच' असं विचारायला हवं होतं.

"सर, ही ओळ."

"नक्की?"

माझा हात आपोआप पर्सकडे गेला. फोनला विचारून घ्यायला! त्यांनी ते पाहिलं. मी चटकन हात मागे घेतला. स्वतः शोधलेल्या चुकीवर बोट ठेवून बसले होते आणि 'नक्की' म्हणायची छाती होत नव्हती.

"बहुतेक," मी म्हणाले.

"अहो, चूक तीच आहे." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. "पण दुकानदार मला विचारेल, तेव्हा मी त्याला 'बहुतेक' सांगू?"

मी फाईल उचलली. जिना उतरले.

घरी लेक दारातच उभी होती. "आई, परीक्षा घेतली का गं? उत्तर आलं?"

"आलं."

"बरोबर?"

"बरोबर."

"मग मिळाली ना नोकरी?"

मला रडूच कोसळलं.