झाकणावरची तीन बोटं भस्म

मी नांदेडात एका इंजिनिअरच्या ऑफिसात बसून होऊ घातलेल्या घरांची थ्रीडी चित्रं काढतो. या कामासाठी गेमिंगचाच लॅपटॉप लागतो, असं मी लातूरला घरी सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच खरं होतं. काम उरकलं की उरलेला सगळा वेळ मी गेम खेळायचो. सुट्टीत घरी आलो तरी तेच. पलंगावर पालथं पडायचं, लॅपटॉप गोधडीवर ठेवायचा आणि आईच्या चौथ्या हाकेला जेवायला उठायचं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. आमच्या घरातलं हत्यार म्हणजे आईचं शिलाई मशीन, त्याच्याच जोरावर तिनं मला शिकवलं. त्या वर्षी तिनं मशीन, कात्री, विळी, माझी मोटारसायकल असं सगळं ओळीनं पुजलं. मग माझा लॅपटॉप पाटावर ठेवला, झाकणावर भस्माची तीन बोटं ओढली आणि मधोमध कुंकवाचा ठिपका लावला.

"तुझं बी हत्यारच की हे," ती म्हणाली. मला हसू आलं, पण आतून बरंही वाटलं.

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी खेळता खेळता लॅपटॉप तापायला लागला. तसा तो महिनाभर गरम होतच होता, पण आज कीबोर्डवर बोट ठेववेना. पंख्यानं घर डोक्यावर घेतलं आणि ऐन रंगात आलेल्या गेमसकट लॅपटॉप बंद पडला. आतल्या यंत्राचं मला ओ की ठो कळत नाही, पण कुणावर तरी ओरडल्याशिवाय चैन पडेना. तणतणत बाहेरच्या खोलीत आलो. आई एका बाईचं ब्लाऊजचं माप घेत होती, दुसरी बाई कापड घेऊन बसली होती.

"कुणी सांगितलं होतं तुला कुंकू न् भस्म फासायला?" मी म्हणालो. "आत गेलं ते सगळं. बसला बंद पडून."

आईनं टेप गळ्यात टाकली. "वरच लावलं रे मी, बोटानं." मग चाचरतच म्हणाली, "माझी मशीन जड चालायली की मी आधी आतला कचरा काढते. ब्रश देऊ का?"

"तुझी मशीन आणि हे एक आहे का? यापुढं हात लावू नकोस माझ्या वस्तूला."

एवढ्यावरही माझं भागलं नाही. मी तिच्यादेखत झाकणावरचं भस्म बाहीनं खसाखसा पुसलं. त्या दोन्ही बायका खाली मान घालून बसल्या. आईनं टेप पुन्हा हातात घेतली आणि राहिलेलं माप घेतलं.

नांदेडला परतल्यावर लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं माझ्यासमोरच तो उघडला. पंख्यामागच्या जाळीवर करड्या कचऱ्याचा जाड थर बसला होता. चिमट्यानं ओढला तर सबंध एका तुकड्यात बाहेर आला. त्यात एक लाल धागा गुंतलेला होता. आमच्या गोधडीला आईनं घातलेले टाके याच रंगाचे आहेत.

"कुंकू गेलंय का आत?" मी विचारलं.

"कसलं कुंकू?" तो म्हणाला. "अंथरुणावर ठेवून खेळता ना? मग त्यानं हवा घ्यावी कुठून?" आणि त्यानं ब्रश घेतला. तसलाच एक ब्रश आईच्या मशीनच्या खणात असतो.

संध्याकाळी आईचा फोन आला. बाकी काही न विचारता ती म्हणाली, "निघालं का रे कुंकू?"

मी म्हणालो, "हो. निघालं."

खरं सांगितलं असतं तर माफी मागावी लागली असती, आणि आईची माफी मागायची आमच्या घरात पद्धत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. पद्धत कसली, मला हिंमत नव्हती. याची लाज मला अजून वाटते.

"बरं झालं बाबा," ती म्हणाली. "माझ्या जिवाला लई लागून राहिलं होतं. आता न्हाई लावणार."

पुढच्या खंडेनवमीला तिनं मशीन पुजलं, कात्री पुजली, विळी पुजली. माझ्या लॅपटॉपला दोन हात लांबून नमस्कार केला. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घेतला होता, तो नवाकोरा काखेत होता. "ताट तयारच हाय तर ह्यालाबी लावा की," त्या म्हणाल्या.

आईनं हात मागं घेतला. "नको बाई. आत जातंय ते. आमच्या लेकराचा माझ्याच हातानं बिघडला होता."

"झाकणावरचं कुंकू आत कसं जाईल वो?" काकू म्हणाल्या. त्यांना जे चटकन कळलं, ते मला वर्षभर तोंडातून काढता आलं नव्हतं.

आई माझ्याकडे वळली. "तू सांग की रे काकूला. तुला त्यातलं समदं कळतंय."

आता तरी बोलावं, असं मनात आलं. आणि मी बोललो. पंखा हवा कसा ओढतो, हवेबरोबर बारीक पूड कशी आत शिरते, आत जाऊन ती कशी चिकटते, सगळं हातवारे करून सांगितलं, ऑफिसात गिऱ्हाइकाला चित्र समजावतो तसं. काकूंना पटलं. आई ताट धरून उभी होती. माझं बोलणं संपेपर्यंत ती काकूंच्या चेहऱ्याकडेच बघत होती, आपल्या पोराला किती कळतं ते त्यांना दिसतंय ना म्हणून.