मेस्त्रीनं ब्लॉक बदलला, असं मी म्हणालो

मी एका माणसाला चोर ठरवलं ते डिचोलीच्या बाजारातल्या हॉटेलात, पातळभाजी खाताना, तोंडात पाव असताना. त्यामुळे शब्द नीट उमटला नसेल, अशी पुढे बरेच दिवस मला आशा होती. तो नीट उमटला होता.

माणूस म्हणजे कारापूरचा मेस्त्री. माझ्या वडिलांची गाडी चाळीस वर्षं त्याच्याच हातात होती. पोर्तुगीज अमलात बोटीतून मुरगावला उतरलेली ती गाडी वडिलांनी पुढे जुनी म्हणून घेतली आणि मरेपर्यंत नवी असल्यासारखी वापरली. ते गेल्यावर ती काही वर्षं पत्र्याखाली उभी होती. मी पणजीच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालो, आणि निवृत्त माणसाला कुणावर तरी साहेबगिरी करावी लागते, म्हणून ती पुन्हा चालू करायला काढली. मेस्त्रीनं इंजिन उतरवलं, सुटं केलं आणि बायकोच्या परातीत रॉकेलनं धुतलेले भाग आमच्या वसरीत वर्तमानपत्रांवर मांडले.

इथवर ठीक होतं. मग मी फोनवर बघायला लागलो. जगभरची माणसं जुनी इंजिनं जोडतात आणि अस्सल भाग कसा ओळखायचा ते सांगतात: ओतकामावरचा आकडा, बोल्टच्या डोक्यावरची खूण, कार्ब्युरेटरवरची पितळी पट्टी. मी वही घातली. रोज सकाळी भिंग घेऊन वसरीत उकिडवा बसायचो आणि आकडा दिसला नाही की फुली मारायचो. मेस्त्रीची रीत वेगळी. तो भाग तळहातावर तोलायचा, नखानं वाजवायचा, कडेची ओतकामाची रेघ अंगठ्यानं चाचपायचा आणि ठेवून द्यायचा. बेळगावच्या भंगारवाल्याकडून मी सीलबंद खोक्यातला 'ओरिजनल' डिस्ट्रिब्युटर आणला, तेव्हा त्यानं तो हातात फिरवला, परत आत ठेवला आणि म्हणाला, खोको ओरिजनल असा. ते मला लागलं. त्या दिवसापासून माझ्या फुल्या जरा मोठ्या झाल्या.

राहिला ब्लॉक. सगळं इंजिन ज्यात बसतं तो लोखंडी धोंडा. त्याचा नंबर गाडीच्या पोर्तुगीज कागदावर लिहिलेला. फोननं सांगितलेल्या जागी मी भिंग धरलं. नंबर नव्हता. काळा, गुळगुळीत, किंचित फुगलेला डाग होता. म्हणजे कुणीतरी नंबर घासून वर काहीतरी थापलं. शेवटी शेवटी वडिलांना दिसत नव्हतं, तेव्हा मेस्त्रीनं अस्सल ब्लॉक विकून भलताच बसवला. इतका सरळ तर्क मला नोकरीत कधी जमला नव्हता.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, चोर मागीर शोधा, आधी माझी परात रॉकेलातून काढा. ती ऐकत नाही म्हणून मी हॉटेलात सांगितलं.

दुपारपर्यंत ते कारापूरला पोचलं. संध्याकाळी एकानं मेस्त्रीच्या गॅरेजातून आपला अर्धा उघडलेला टेम्पो दोरीनं ओढून नेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मेस्त्री आला. हत्यारांची पिशवी आणली नव्हती. मला लहानपणापासून 'तू' म्हणणारा माणूस पायरीवर उभा राहून म्हणाला, "हॉटेलात तुमी काय सांगलात, ता माका हंय सांगा."

मी वही उघडली. वही हातात असली की मला आवाज फुटतो. नंबर नाही म्हटलं, डाग दाखवला, तुम्हीच सांगा म्हटलं. जाम झालेल्या इंजिनाकडे बघावं तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. मग परातीतला एक बोथट स्क्रू-ड्रायव्हर उचलून माझ्या पायाशी टाकला.

"खरवडा."

मी खरवडलं. वरची काजळी निघाली, खाली लाल. मग काळं, पुन्हा लाल. पापुद्रे वर्तमानपत्रावर पडत होते. बोटावर घेऊन बघितलं. शेंदूर.

"तुमच्या बापाशीचो दसरो तो," मेस्त्री म्हणाला. "वर्सान वर्स, तेलात कालवून, त्याच जाग्यार लावताले. नंबर म्हणजे गाडयेचा कपाळ, म्हणताले. तुमी खंय होतात?"

दसऱ्याला मी घरीच असायचो. पण पणजीहून निघून पान वाढेपर्यंत पोचायचो.

तळाला नंबर निघाला. मी कागदाशी ताडून बघितला, पुढून आणि मागून. एक आकडा चुकेल तर बरं, असंही मनात येऊन गेलं. चुकला नाही. मी म्हटलं, मेस्त्री, चूक झाली माझी.

"हंय कित्याक सांगतात? हंय आयकूक कोण ना. टेम्पो कारापुरातसून गेलो, तर कारापुरात येवन सांगा. तोवर तुमचा इंजिन तुमीच जोडा. वही असा मू."

तो गेला. कुठला भाग कुठे बसतो ते त्याच्या डोक्यात, आणि माझ्या वहीत नुसत्या फुल्या. दोन दिवस मी पिस्टनांकडे बघितलं आणि पिस्टनांनी माझ्याकडे. तिसऱ्या दिवशी कारापूरला गेलो. गॅरेजात पाच-सहा जण होते. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. मेस्त्री जीपखाली होता. तिथूनच म्हणाला, टेम्पोवाल्याला बोलावणं गेलंय, तो आला की परत सांगा. मी टायरवर बसून राहिलो. टेम्पोवाला पावाची पिशवी हातात घेऊन आला. मी परत सांगितलं. तो म्हणाला, ऐकू आलं नाही. मग तिसऱ्यांदा. मागून कोणीतरी म्हणालं, हॉटेलात बरो मोठ्यान सांगिल्लो.

सगळं ऐकून टेम्पोवाला म्हणाला, टेम्पो आता साखळी गावातल्या दुसऱ्या गॅरेजात उघडून पडलाय, बगया. आणि पाव घेऊन गेला.

मेस्त्री दुसऱ्या दिवशी पिशवीसकट आला. आला म्हणजे छळायला आला. प्रत्येक भाग बसवण्याआधी माझ्या नाकासमोर धरायचा. "वाचा." मी वाचायचो. "लिवा." मी लिहायचो. साध्या वॉशरलाही सुटका नाही. "ह्येका नंबर ना. घालू, काय पोलिसांक बोलयतात?" चार दिवस हे चाललं. बायको भाजी चिरायला वसरीत येऊन बसायला लागली. इतकं लक्ष देऊन तिनं माझं कधी काही ऐकलेलं नाही.

पाचव्या दिवशी इंजिन गाडीत बसलं आणि सुरू झालं. त्यानं हात पुसले, बायकोच्या हातचा चहा घेतला, चहा बरा झालाय असं तिला सांगितलं आणि बससाठी रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, गाडीनं सोडतो. त्यानं बसला हात केला.

मी बसच्या मागोमाग गाडी काढली. कारापूरला तो उतरला. मी शेजारी थांबून काच खाली केली. माझ्याकडे न बघता त्यानं मान तिरकी करून इंजिन ऐकलं, दोन बोटांनी हवेतल्या हवेत कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा उलटा फिरवून दाखवला आणि चालू लागला. गॅरेजसमोर टेम्पोची जागा रिकामीच होती. तिथे पोचल्यावर तो पाठ फिरवून उभा राहिला, मी जाईपर्यंत.