जपानी कादंबरीकार कुठून सुरू करावा

चार तास एक हात सुयांना बांधलेला, पाणी प्यायचं नाही, कूस बदलायची नाही. अशा माणसाकडे तोंडाशिवाय काय शिल्लक राहतं? म्हणून डायलिसिस सेंटरात किस्से साठतात. अंगात पाणी साठतं तसेच. पाणी मशीन काढून घेतं, किस्से कोणी काढत नाही. लोक मला थापाड्या म्हणतात, ते बरोबर आहे. तरी यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते विचारू नका.

आमची मंगळ-गुरू-शनीची अकराची बॅच. पहिल्या खाटेवर अंबाडीचे पाटील सर, रिटायर्ड मराठीचे मास्तर. दुसरीवर हनीफभाई, भिवंडीत तीस वर्षं पॉवरलूम चालवलेले. तिसरीवर वळ गावचा भोईर, ज्याच्या भातशेतीवर आता तीन गोडाऊनं उभी आहेत. चौथीवर मी, त्याच पट्ट्यातल्या एका गोडाऊनात पुस्तकांचे खोके रचणारा.

*

एकदा फोर्कलिफ्टवरून एक खोका पडला. आत एकाच जपानी कादंबरीकाराची अकरा पुस्तकं, मराठी भाषांतरं. माणूस जगप्रसिद्ध, पण पुस्तकांचे कोपरे दुमडलेले. "रद्दीतच जाणार, घेऊन जा," सुपरवायझर म्हणाला. मी खोका सेंटरला आणला.

आता प्रश्न पडला, सुरुवात कुठून करायची?

"सगळ्यात महाग कुठलं?" भोईरने विचारलं. जमीन विकल्यापासून तो कुठलीही गोष्ट तिथूनच सुरू करतो.

पाटील सर म्हणाले, "ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने वाचावीत." मग अकरा पुस्तकांची उंची डोळ्यांनी मोजली. सरांचं हृदय पंचवीस टक्केच चालतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. थोड्या वेळाने म्हणाले, "नाही. पातळ द्या. अर्धवट टाकून जायला मला आवडत नाही."

हनीफभाईंना विचारलं. शिक्षण मराठी शाळेत, सातवीपर्यंत. ते म्हणाले, "मी तर पेपर पण उलटा वाचतो. खेळाचं पान आधी. मला सोडा."

*

त्या अकरांतलं एकही मी वाचलेलं नव्हतं. पण गोडाऊनात काम करतो म्हटल्यावर लोकांना वाटतं, याने सगळं वाचलंय. मीही तो समज मोडत नाही.

सरांनी हळूच विचारलं, "मोरे, ज्यात कुणी मरत नाही असं एखादं आहे का?"

मी निळ्या कव्हरचं काढून दिलं. "हे घ्या. एकदम फॅमिली. एक आजी, दोन नातू, आंब्याची बाग."

जपानात आंब्याची बाग असते का, हा विचार नंतर सुचला.

गुरुवारी सर आले, सुया टोचून घेतल्या आणि म्हणाले, "मोरे, अठराव्या पानापर्यंत तिघे गेले. आजी त्यातलीच."

"आणि नातू?"

"एकच होता. तो लिहितोय."

*

भोईरने जाड पुस्तक घेतलं, कारण किंमत त्याचीच जास्त. शनिवारी ते शर्टाच्या आत पोटाशी खोचून आला आणि तसाच काट्यावर चढला. आमच्याकडे आधी वजन होतं. दोन दिवसांत जितकं वाढलं तितकं पाणी, असा हिशेब. तेवढं मशीन काढतं.

पुस्तक पाऊण किलोचं.

तिसऱ्या तासाला भोईर पांढरा पडला. पायांत गोळे आले, बीपी खाली गेलं. सिस्टरने खाट उलटी केली, पाय वर, डोकं खाली, सलाईन सोडलं. शुद्धीवर आला तेव्हा शर्टातून पुस्तक घसरून त्याच्या तोंडावर पडलं. सिस्टर ते हातात घेऊन नुसती बघत राहिली.

"म्हणजे पुस्तकातलं पाणी माझ्या अंगातून काढला काय?" भोईर म्हणाला.

त्याने एक पान न वाचता ते सरांना देऊन टाकलं. "घ्या मास्तर. हा माणूस मला झेपनार न्हाय."

*

ते जाड पुस्तक सर महिनाभर नुसतं उशाशी ठेवत होते. पातळ तीन वाचून झाली. मग एका मंगळवारी म्हणाले, "सिस्टर, हे धरायला काहीतरी करा. एका हातात पेलत नाही."

मी विचारलं, "सर, तुम्ही तर पातळच वाचणार होतात."

"पातळ पुस्तक संपलं की घरी जाताना वाटतं, झालं, आता मोकळा. मला मोकळं व्हायचं नाही अजून."

सिस्टरने जेवणाच्या टेबलावर पुस्तक उभं केलं आणि बँडेजने बांधून टाकलं.

हनीफभाई बघत होते. म्हणाले, "सर, इसको भी चार घंटे का है क्या?"

*

राउंडला येणारे डॉक्टर कॉलेजात असताना तेच पुस्तक इंग्रजीत वाचून बसले होते. टेबलावर बघून खूश झाले. "अरे वा. याचा शेवट तर..."

सरांनी मोकळा हात वर केला. "डॉक्टर, थांबा. माझा इकोचा रिपोर्ट आला असेल तो सांगा. पुस्तकाचा शेवट सांगू नका."

डॉक्टरांच्या हातात रिपोर्टच होता. त्यांनी तो उघडला, वाचला, परत फाइलीत घातला. सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या खाटेकडे गेले.

दोन्हीतलं एकही सांगितलं नाही.

*

आमच्याकडे कुणाबद्दल कुणी विचारत नाही. सिस्टर चादर बदलते, तीच बातमी. एका गुरुवारी पहिल्या खाटेची चादर बदललेली होती.

पुस्तक टेबलाला बांधलेलंच. पान दोनशे बारा, खुणेला चिकटपट्टीचा तुकडा.

सुया टोचून झाल्यावर हनीफभाई म्हणाले, "सिस्टर, ते टेबल इकडे सरकवा."

सिस्टरने सरकवलं आणि पुस्तक पहिल्या पानावर आणू लागली. हनीफभाईंनी तिचा हात थांबवला. "ते राहू द्या. दोनशे तेरा काढा."

"चाचा, सुरुवातीपासून वाचा ना. काहीच कळणार नाही."

"लूमवर शिफ्ट बदलते तेव्हा कपडा पहिल्यापासून विणतात का? आधीच्याने जिथं सोडला, तिथं उभं राहायचं."

दोन महिने लागले त्यांना. मधे कधी हसायचे, कधी टेबलाकडे बघून "या अल्लाह" म्हणायचे. मागचं एकही पान त्यांनी उलटलं नाही.

संपलं त्या रविवारी मला घेऊन रिक्षाने अंबाडीला गेले. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, अंगणात तांदूळ पाखडत होत्या. हनीफभाईंनी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. "भाभी, सरांचं काम राहिलं होतं. पूर्ण झालं. म्हटलं, सांगून यावं."

काकूंनी सूप खाली ठेवलं. "ते संध्याकाळी घरी यायचे, पडल्या पडल्या मला सांगायचे. जितका वाचला तितका. आठवड्याला तीन वेळा." मग जरा पुढे सरकल्या. "तो दोर आनायला गेलेला नवरा, तो परत आला का न्हाय?"

हनीफभाईंनी माझ्याकडे बघितलं. मग काकूंकडे.

"कोण नवरा, भाभी? माझ्या वाट्याच्या पानांत ती बाई एकटीच राहते."

काकू उठल्या. घरातून दोन पाट आणले, एक हनीफभाईंच्या पुढ्यात ठेवला, एकावर स्वतः बसल्या.

"त्या बाईचं लगीन झालं तवा," त्यांनी सुरू केलं, "ती सतरा वर्षांची व्हती..."

हनीफभाई पाटावर बसले. मला म्हणाले, "मोरे, रिक्षावाल्याला सांग, थांबू नको, जा."