रविवारी पेटलेला गॅस

आज माझ्या नावापुढे पदवी आहे ती माझ्या आत्यामुळे. आमच्या घराण्यातली ही पहिलीच पदवी. जालन्याकडच्या तालुक्याच्या शाळेतून बारावी करून मी विठ्ठलवाडीला तिच्या दोन खोल्यांत राहायला आलो. दिवसा शहाडच्या कारखान्यात काम करायचो, संध्याकाळी अभ्यास.

आम्ही ख्रिस्ती; रविवार हा आमचा शब्बाथ, देवासाठी राखलेला विसाव्याचा दिवस. आत्याकडे शब्बाथ म्हणजे शब्बाथ. रविवारचं जेवण शनिवारीच रांधलेलं असे. रविवारी गॅस पेटायचा नाही, पवित्र शास्त्राशिवाय पुस्तक उघडायचं नाही, आणि देवळातली, म्हणजे चर्चमधली, उपासना चुकवायची तर निदान ताप तरी हवा. हा नेम आजोबांपासून चालत आलेला. मला त्याचा अभिमानच होता.

शेवटच्या वर्षाचं वेळापत्रक लागलं. नोकरी करणाऱ्यांच्या सोयीसाठी सगळे पेपर रविवारी सकाळी, घोडबंदर रोडच्या एका कॉलेजात. मी म्हटलं, "आत्या, पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी रविवार नसतात का रे?" ती म्हणाली.

पहिल्या पेपरच्या दिवशी मी फोडणीच्या वासाने जागा झालो. आत्या गॅसपाशी उभी राहून पोहे परतत होती.

"आत्या, आज रविवार."

"माहितीये. तुझ्या जन्माआधीपासून देवळात जाते मी. शिळं खाऊन पेपर लिहिणार का?"

"आणि शब्बाथ पाळायची नियमशास्त्रातली आज्ञा?"

तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "मी नेम पाळते, कारण देवाने मला आधीच आपलं म्हटलंय. त्याने आपलं म्हणावं म्हणून नाही पाळत. ऊठ, आंघोळ कर."

त्या दिवशी देवळात काय झालं ते मला नंतर कळलं. चर्चचा कारभार बघणाऱ्या एका पंचांनी तिला टोचलंच, "भाच्याने शब्बाथ मोडला वाटतं?"

"मीच मोडायला लावला. बसल्या बसल्या त्याच्यासाठी प्रार्थना करा."

वर तिने माझ्या नावाने उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणारी प्रार्थना, मागितली. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, आधी निकाल तर लागू द्या."

"निकालानंतर मागितली, तर ती मार्कांची स्तुती होईल, साहेब."

पेपर संपले, आणि पुढच्या शनिवारी तिने नेहमीसारखा दोन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवला.

निकाल लागला तेव्हा ती गावी गेलेली. फोन केलाच, पण तेवढ्याने मन भरेना. मग हे पत्र पाठवलं:

"प्रिय आत्यास सलाम. पहिला वर्ग मिळाला. त्याच पंचांनी देवळात सगळ्यांदेखत माझा हात हातात घेतला. नापास झालो असतो, तरी तुझी उपकारस्तुती खोटी ठरली नसती, हे आता कळतंय. म्हणून हा आनंद धास्ती न बाळगता घेतोय. पदवीदानाला एकाच पाहुण्याला नेता येतं. मी तुझं नाव दिलंय. आई-बाबा म्हणाले, तेच बरोबर."